दिवाळी सरकते, हंस सरकत नाहीत

प्रश्न : आम्ही दांडिया बाजारात राहतो. गेल्या दिवाळीत भाऊबीजेच्या दिवशी एका नावाजलेल्या जंगलात गेलो. परमिट संपलेली होती. तीन तास रांगेत उभं राहून शेवटी फाटकाशी फोटो काढला आणि परत आलो. यंदा मामंजींनाही न्यायचं आहे. त्यांचं वय ७२, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. मुलगी दहा वर्षांची आहे, तिला अस्वल बघायचंय. मला काहीही खरंखुरं दिसलं तरी पुरे. बडोद्याहून कुठे आणि केव्हा जावं? दुर्बीण घ्यावी का, आणि कोणती? विश्वामित्रीच्या मगरी मुलीला दाखवायला नेलं तर चालेल का? मुलीचाही एक प्रश्न आहे : पक्ष्यांना निघायची तारीख कोण सांगतं?
– एक आई, बडोदे

ताई,

गेल्या वर्षी तुमची जागा चुकली नव्हती, आठवडा चुकला होता. म्हणून आधी तारखेचं बघू, जागांचं मग.

दिवाळी कधी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात येते, तर अधिक महिना येऊन गेला की नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत लांबते. पक्षी तिथी पाळत नाहीत, ते सूर्याच्या हिशेबाने येतात. भुवई बदकं आणि चिखलात टोचत फिरणारे तुतवार ऑगस्ट-सप्टेंबरपासूनच दिसू लागतात. ऑक्टोबरात थापट्या, तलवार बदकं आणि गवतावर शिकार करणारे भोवत्या हे शिकारी पक्षी येतात. पट्टेरी हंस, लालसरी आणि चांदव्यांचे मोठे थवे नोव्हेंबरात, आणि खरी दाटी डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे दिवाळी लवकर आलेल्या वर्षी तलावावर जाऊन ‘हंस कुठे आहेत?’ असं विचारण्यात अर्थ नाही, ते अजून वाटेत असतात.

दुसरी गोष्ट गर्दीची. पाडव्यापासून लाभपाचमेपर्यंत अख्खं गुजरात घराबाहेर पडतं, कारण पेढ्या आणि दुकानं लाभपाचमेच्या मुहूर्तावर उघडतात. शाळांना मात्र २१ दिवसांची सुटी असते. तेव्हा लाभपाचम उलटल्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंतचे दिवस तुमचे. मोठ्यांची कामं सुरू झालेली, मुलांची सुटी शिल्लक, फटाके थंडावलेले, आणि पक्षी आठवडाभराने पुढे आलेले. शनिवार-रविवार सोडून एक दिवस रजा टाकता आली तर ती इथेच टाका.

आता पाणी. शरदात काय दिसेल आणि काय दिसणार नाही, हे पाण्यावर ठरतं. पावसाळा संपतो तेव्हा प्रत्येक डबक्यात, खाणीच्या प्रत्येक खड्ड्यात, प्रत्येक कॅनॉलमध्ये पाणी असतं. जनावराला ठरावीक पाणवठ्यावर यावं लागत नाही आणि बदकांना एकाच तलावावर गोळा व्हावं लागत नाही. पाणवठ्याशी बसून बिबट्या दिसल्याच्या ज्या गोष्टी ऐकता, त्या एप्रिल-मेच्या असतात. पाऊस उत्तम झालेल्या वर्षी तलाव काठोकाठ भरतो, काठाचा चिखल बुडालेला असतो आणि बदकं दूर मध्यावर राहतात. पाऊस कमी झालेल्या वर्षी तेच पक्षी लवकर आणि जवळ येतात. शेतकऱ्याला जे वर्ष वाईट, ते पक्षी बघणाऱ्याला चांगलं जातं, हे मनाला बरं वाटत नाही, पण खरं आहे. तलावाच्या पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, दगडी अस्तरावर ओला, काळपट पट्टा उघडा पडलेला दिसला की पाणी उतरू लागलंय असं समजा. रब्बीसाठी कॅनॉलला पाणी सोडलं की हा उतार जोरात होतो.

हे धरून तुमच्यासाठी पहिली जागा वढवाणा. बडोद्याहून सुमारे ५० किलोमीटर, डभोई तालुक्यात. सयाजीराव गायकवाडांच्या कारकिर्दीत १९०९-१० मध्ये शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव. ओरसंग नदीचं पाणी जोजव्याच्या बंधाऱ्यावरून कॅनॉलने इथे येतं. २०२१ मध्ये याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. त्या नोंदीत मोठी लालसरी या बदकाचा खास उल्लेख आहे, कारण पश्चिम भारतात ते एरवी क्वचितच दिसतं. नराचं डोकं पेटत्या निखाऱ्याच्या रंगाचं आणि चोच लाल, त्यामुळे दहा वर्षांच्या मुलीलाही ते ओळखता येईल.

नोव्हेंबरच्या मध्याला बडोद्यात सूर्य सुमारे सहा पन्नासला उगवतो. घरून पाचला निघा. वाटेत डभोईला चहा आणि प्रसाधनगृह दोन्ही उरकून घ्या, तलावाशी सोयीवर विसंबू नका. साडेसहाला पाळीवर असायला हवं, कारण हंसांचा तमाशा पहिल्या तासातच असतो. ते संध्याकाळी शेतांत आणि गवतात चरायला जातात आणि उजाडल्यावर विश्रांतीला पाण्यावर परततात. आधी आवाज येतो, नाकातून काढल्यासारखा, दुरून गलका चालल्यासारखा. मग तिरकी रांग दिसते. पाण्याजवळ आल्यावर काही हंस पंख एका बाजूला कलते करून झपकन उंची कमी करतात. पाय पुढे ताणून पाणी चिरत थांबतात, तेव्हा दुर्बीण डोळ्यांना लावून ठेवा. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूने आडव्या दोन काळ्या पट्ट्या, पिवळी चोच, पिवळे पाय. गुजरातीत यालाच राजहंस म्हणतात. मध्य आशिया आणि तिबेटच्या पठारावरून, हिमालय ओलांडून हे येतात.

चांदवा दाखवायला विसरू नका. गाववाले त्याला भगतडुं म्हणतात. सगळा काळा, फक्त कपाळावर पांढरा टिळा. पुष्कळ जण त्याला बदकच समजतात, पण तो पाणकोंबडीच्या कुळातला. पोहताना त्याची मान पुढे-मागे होते, बदकाची होत नाही. आणि उडताना तो तलवार बदकासारखा सरळ उचलला जात नाही, पाण्यावर पाय आपटत बरंच अंतर धावतो. पाचशे चांदवे एकदम धावले की पाऊस आल्यासारखा आवाज होतो. कारण शोधायचं असेल तर लगेच वर बघा, बहुतेक वेळा दलदली भोवत्या पाण्यावरून चाललेला असतो.

चुका होतात त्या साध्याच असतात. पाळीवर सरळ उभं राहिलं की माणसाची आकृती आभाळावर उमटते आणि काठचे पक्षी पन्नास पावलं मागे सरकतात. चालत राहिलं की ते तुमच्या बरोबरीने सरकत राहतात. त्यापेक्षा एखाद्या झाडाच्या सावलीत, आभाळाऐवजी झाड पाठीशी येईल असं, घडीचं स्टूल टाकून चाळीस मिनिटं बसा. पहिली दहा मिनिटं रिकामी जातात, मग पक्षी परत काठाला येतात. मामंजींच्या गुडघ्याला हे सोयीचं आहेच, पण गुडघे धड असलेल्यांनीही असंच करावं. सकाळी सूर्य पाठीशी राहील अशी बाजू घ्या, म्हणजे पश्चिमेला पाणी दिसेल अशी. उलट बाजूने सगळी बदकं काळी दिसतात आणि मुलीचा उत्साह पंधरा मिनिटांत ओसरतो. दिवाळीचे नवे, चमकणारे कपडे घरी ठेवा. मातकट, हिरवट, राखाडी काहीही चालेल, पांढरं नको. फराळ स्टीलच्या डब्यात न्या. चिवड्याच्या प्लास्टिक पिशवीची कुरकुर पाण्यावर फार लांब जाते. आणि शेव-गाठिया पक्ष्यांना टाकायचे नाहीत, एकही नाही. तळलेलं, मीठ घातलेलं त्यांचं अन्न नव्हे, आणि हाताला सोकावलेला पक्षी कुत्र्यांच्याही हाती लागतो.

साडेनऊनंतर पाण्यावरची हवा थरथरायला लागते. लांबचं बदक दुर्बिणीत वितळल्यासारखं दिसतं, तो दुर्बिणीचा दोष नसतो. तेव्हा आवरतं घ्या. सकाळ जमली नाही तर दुपारी चारनंतर जा आणि सूर्य पुन्हा पाठीशी येईल अशी समोरची बाजू धरा.

एक मुक्काम जमत असेल तर दुसरी सहल सारस आणि काळविटांची करा. या दोन्ही गोष्टी एका रस्त्यावर आहेत. वासदहून बोरसद-तारापूर रस्त्याने गेलं की खेडा जिल्ह्याच्या मातर तालुक्यात परिएज तलाव लागतो, बडोद्याहून साधारण ८० किलोमीटर. तलावापेक्षा भोवतालच्या भातशेतीकडे जास्त लक्ष द्या. सारसांची घरटी पावसाळ्यात भरल्या भातात असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी होते आणि जोडपं आपलं एखादं, कधी दोन पिल्लं घेऊन धसकटांत सांडलेले दाणे आणि किडे टिपत फिरतं. उभा सारस जवळजवळ सहा फूट उंच, उडणाऱ्या पक्ष्यांत याच्याइतका उंच दुसरा नाही. लाल मान-डोकं मोठ्यांचं, पिल्लाचं डोकं दालचिनीच्या रंगाचं. गाडीतूनच बघा. उतरायचं असेल तर किमान शंभर पावलं दूर थांबा. सारसाने चरणं सोडून मान ताठ केली की तुम्ही फार जवळ आलात, दोन पावलं मागे या. पिल्लू असताना जोडप्याला पळायला लावलं तर पिल्लू मागे राहतं आणि भटक्या कुत्र्यांना तेवढंच पुरतं. शेतात शिरण्याआधी बांधावरच्या माणसाला विचारा. सारस आज कोणत्या शेतात आहेत हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

तिथून वटामण, धोलेरामार्गे वेळावदर. बडोद्याहून सलग गेलात तर साधारण चार तास. भावनगर जिल्ह्यातलं हे गवताळ राष्ट्रीय उद्यान १९७६ मध्ये काळविटांसाठी राखलं गेलं, आज त्याचं क्षेत्र सुमारे ३४ चौरस किलोमीटर आहे. ते १६ जून ते १५ ऑक्टोबर बंद असतं, तेव्हा लवकरच्या दिवाळीत तारीख तपासून निघा. इथे गाडीतूनच फिरायचं असतं, उतरायचं नाही. म्हणून मामंजींसाठी याच्यासारखी जागा नाही. दिसण्याची खात्रीही सगळ्यात जास्त इथेच, कारण लपायला झाडं नाहीत. काळे नर एका ठरलेल्या उघड्या तुकड्यावर आपापली जागा धरून उभे राहतात, मान मागे टाकतात, शेजाऱ्याला शिंगं दाखवतात. माद्या पिवळसर, कळपात. नशीब असेल तर लांडगा दिसतो, सकाळी किंवा अगदी तिन्हीसांजेला.

पण वेळावदरला जायचं ते संध्याकाळसाठी. सूर्य मावळायच्या तासभर आधी गवताच्या उंच पट्ट्याजवळ गाडी उभी करून इंजिन बंद करा. चहूबाजूंनी भोवत्या येऊ लागतात. दिवसभर शेतांवरून आणि माळावरून टोळ, नाकतोडे पकडून ते रात्रीला एकत्र गवतात, जमिनीवरच झोपतात. भोवत्यांची ही रात्रवस्ती जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी मानली जाते. नर फिकट राखाडी आणि पंखांची टोकं काळी, मादी तपकिरी आणि शेपटीच्या मुळाशी पांढरा डाग. गवतावरून जेमतेम हातभर उंचीने, पंख खांद्यातून किंचित वर उचलून ते तरंगत येतात, एक गिरकी घेतात आणि गवतात गडप होतात. मुलीला मोजायला सांगा. दहा मिनिटांचे आकडे पाडून लिहिले तर शेवटच्या दहा मिनिटांत किती एकदम उतरतात ते तिलाच कळेल. परवान्याची शेवटची वेळ आणि सूर्यास्त यांत फार अंतर नसतं, म्हणून दुपारची फेरी घेताना सुटायची वेळ खिडकीवर विचारून घ्या आणि बाकीचं उद्यान आधी उरकून शेवटचा तास इथे ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी काळविटांसाठी.

अस्वलाचं मात्र मुलीला आधीच सांगून टाका : या सुटीत नाही. बडोद्याला जवळचं अस्वलांचं जंगल म्हणजे जांबुघोडा, सुमारे ७० किलोमीटरवर, १३० चौरस किलोमीटरचं अभयारण्य. अस्वलं तिथे आहेत, बिबटेही आहेत. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात सागाला पानं आहेत, गवत कमरेएवढं आहे, पाणी ओढ्याओढ्यांत आहे आणि अस्वल रात्री फिरतं. मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलतो, त्या फुलांसाठी अस्वलं झाडांखाली येतात आणि जंगलही उघडं झालेलं असतं. तेव्हा न्या. आत्ता जांबुघोड्याला गेलात तर वारुळं बघा. अस्वल वाळवीसाठी वारूळ उकरतं, त्या खळग्यात लांब नखांचे समांतर ओरखडे राहतात. माग वाचता येऊ लागला की जंगल मुलांना रिकामं वाटत नाही. पायी फिरायचं तर वनखात्याचा माणूस बरोबर हवाच. अचानक समोर आलेलं अस्वल घाबरलं की अंगावर येऊ शकतं.

गीरबद्दल थोडक्यात : सरकारी संकेतस्थळावर परवाना आधी मिळाला तरच निघा. नोंदणीसाठी दिलेलं ओळखपत्र बरोबर ठेवा. ‘तिथे गेल्यावर करून देतो’ म्हणणाऱ्याच्या भरवशावर आणि सरकारी दिसणाऱ्या खाजगी साइटवर पैसे भरू नका. नळसरोवर सुंदर आहे, पण दिवाळीत नको. एकामागून एक नावा लागतात आणि पक्षी आत सरकतात. कच्छच्या छोट्या रणाला रानगाढवं बघायला जायचं तर नोव्हेंबरच्या उत्तरार्धाच्या आधी घाई करू नका. पावसाचं पाणी ओसरल्यावर रणाचा वरचा थर वाळून टणक दिसतो, खाली मात्र चिखल असतो आणि गाडी आसापर्यंत रुतते. स्थानिक चालकाची जीप घ्या, स्वतःची गाडी रणात घालू नका.

विश्वामित्रीच्या मगरी जरूर दाखवा, पण पुलावरून. काळा घोड्याजवळच्या पुलाच्या कठड्याशी उभं राहून, दुर्बिणीने. काठावर उतरायचं नाही, घाटाच्या पायऱ्यांवरही नाही. ऑगस्ट २०२४ च्या पुरात मगरी सोसायट्यांपर्यंत आल्या होत्या हे तुम्ही बघितलंच असेल, आणि पूर ओसरल्यावरही काठच्या झाडोऱ्यात कोण आहे ते वरून कळत नाही. मगर जमिनीवर लांब पाठलाग करत नाही. तिचा धोका पाण्याच्या कडेला असतो, पाण्यातून एका झेपेच्या अंतरात. ऑक्टोबरच्या उन्हात ती बहुतेक वेळ पाण्यातच राहते, कारण तिला ऊन शेकायची फारशी गरज नसते. रात्री गार होऊ लागल्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरपासून, की सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान ऊन पडलेल्या काठावर येते. आधी गुळगुळीत घसरणीचे पट्टे शोधा, मग त्याच्या वरच्या टोकाला बघा. तोंड उघडं टाकून पडलेली असेल तर ती चिडलेली नाही. अंगातली उष्णता सांभाळण्याची ती तिची रीत आहे. दगड मारणारे कुणी असतील तर मुलीला घेऊन तिथून निघा, तमाशा बघत थांबू नका.

दुर्बीण घ्या, आणि एकच चांगली घ्या. आठ पट मोठं दाखवणारी, भिंग ३० किंवा ३२ मिलिमीटरचं, म्हणजे ८×३० किंवा ८×३२. मोठ्यांनाच वापरायची असेल तर ८×४२. बारा-सोळा पटींची नको, कारण हाताची थरथरही तेवढ्याच पटीने वाढते. ‘झूम’ म्हणून विकतात त्या तर मुळीच नकोत, चित्र अंधारं आणि अरुंद येतं. दुकानात मुलीला बरोबर न्या. तिच्या डोळ्यांतलं अंतर ५५ मिलिमीटरच्या आसपास असेल, आणि पुष्कळ मोठ्या दुर्बिणी ५६ च्या खाली मिटतच नाहीत. दुर्बीण पूर्ण मिटवून तिला एक गोल दिसतो की दोन, ते विचारा. दोन दिसले तर ती ठेवून द्या. मामंजींना चष्मा असेल तर डोळ्यांकडचे रबरी कप आत घेऊन वापरायचे, मुलीने बाहेर काढून.

बसवायची रीत घरीच, गच्चीवर, सहलीच्या आधी. समोरच्या इमारतीवरची पाटी धरा. उजवं भिंग हाताने झाका (डोळा मिटू नका, दुसऱ्या डोळ्यावर ताण येतो) आणि मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला अक्षरं स्वच्छ करा. मग डावं झाका, मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवा. ती कडी कुठे थांबली त्याची खूण स्केचपेनने करून ठेवा. मुलीची आणि मामंजींची खूण वेगळी येईल, दोन रंग वापरा. पुढे फक्त मधलं चाक. पक्षी शोधताना नजर पक्ष्यावर रोखून ठेवायची आणि दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची. खाली दुर्बिणीकडे बघितलं की पक्षी हरवतो. यासाठी गच्चीवर दोन दिवस कबुतरांवर हात बसवा.

आता मुलीच्या प्रश्नाचं उत्तर. पक्ष्यांना तारीख दिवसाच्या लांबीवरून कळते. ऊन-थंडी एखाद्या वर्षी मागेपुढे होते, पण अमुक दिवशी सूर्य किती वेळ आकाशात असणार हे दरवर्षी तेच असतं. दिवस आखूड होत चालला की पक्ष्याच्या मेंदूला ते समजतं, अंगातली रसायनं बदलतात, भूक वाढते आणि प्रवासासाठी चरबी साठते. रात्री तो अस्वस्थ होतो. मग वारा आणि हवा अनुकूल मिळाली की निघतो. तिला बडोद्यात हेच मोजता येईल. १५ ऑक्टोबरला दिवस साधारण ११ तास ४० मिनिटांचा असतो, १५ नोव्हेंबरला तो ११ तास ५ मिनिटांच्या आसपास येतो. दर रविवारी पंचांगातून सूर्योदय-सूर्यास्त वहीत उतरवायचे, दिवसाची लांबी काढायची, आणि वढवाण्याला हंस दिसले त्या तारखेपुढे हंसाचं चित्र काढायचं. पुढच्या वर्षी दिवाळी वेगळ्या तारखेला येईल. तेव्हा ती वही उघडून बघायला सांगा, आणि सहलीचा दिवस तिलाच ठरवू द्या.